ट्रॉल्या आल्या, आता ठेवू कुठे?

घरकामाविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे गळतीची पत्रं येतात. या खेपेला स्वयंपाकघराची आली, आणि त्यातही रंग कोणता घेऊ, लॅमिनेट कोणतं लावू असं विचारणारं एकही नाही. सगळ्यांना घोर एकच: बनून तयार झालेलं किचन घरी आणायचं कधी, आणि बसेपर्यंत ठेवायचं कुठे. वडिलांच्या सुतारकामाच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता मी या धंद्यात शिरले, त्याला २७ वर्षं झाली. रंग चुकला म्हणून रडणारी गिऱ्हाइकं मी थोडी पाहिली. माल अवेळी घरात येऊन पडला म्हणून रडणारी भरपूर. त्यांत एक मी स्वतः आहे. ते पुढे सांगते.

प्रश्न : ताई, आमचं डोंबिवली पूर्वेला १ बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत पस्तीस वर्षांची. घरात राहूनच स्वयंपाकघराचं काम चालू आहे. ट्रॉलीवाले म्हणतात, १० तारखेला माल तयार, लगेच उचला, आमच्याकडे ठेवायला जागा नाही. गवंडी म्हणतो, भिंतीच्या टाइल्स २० तारखेपर्यंत लागतील. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, हॉलमध्ये ठेवून घेऊ का? सासूबाई हॉलमध्येच झोपतात.

उत्तर : नका घेऊ. पण हॉलचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट मला जास्त खटकली. भिंतीला टाइल्स लागायच्या आहेत आणि ट्रॉल्या बनूनही झाल्या. मग त्यांनी माप कशाचं घेतलं?

सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली टाइल एका भिंतीला पाऊण ते एक इंच खाते. ओटा दोन भिंतींच्या मध्ये असेल तर दीड-दोन इंच गेलेच. जुन्या भिंतीवर टेप लावून साडेसात फूट लिहून नेलं असेल, तर प्रत्यक्षात सात फूट चार इंचच हाती येणार. मग ओट्याखालचा प्लायचा बॉक्स बसत नाही, सुतार तिथेच करवत काढतो, आणि कारखान्यात मशीनवर बंद केलेली कड उघडी पडते. पुढे पाणी शिरतं ते बरोबर तिथून. तेव्हा आज संध्याकाळीच फोन करा आणि एवढंच विचारा: “माप कधी घेतलं, आणि टाइल्सची जाडी धरली आहे का?” धरली असेल तर ते लगेच सांगतील, बाजूला भरायला पट्टी ठेवली आहे वगैरे. आधी अडखळले आणि मग म्हणाले, “बसवताना अॅडजस्ट करू,” तर टाइल्स लागल्यावर पुन्हा मापाला यायला सांगा. भिंती गुण्यात आहेत का, तेही तेव्हाच बघून घ्यायचं. पस्तीस वर्षांच्या इमारतीत चारी कोपरे काटकोनात असलेलं स्वयंपाकघर मी अजून पाहिलेलं नाही.

आता माल तयार असल्याच्या फोनविषयी. जागा नाही हे खोटं नसतं. छोट्या कारखान्यात एक किचन गेल्याशिवाय दुसरं मांडता येत नाही. पण माल निघताना बिलाचा मोठा हप्ता मिळायचा असतो, हेही त्या फोनमागे असतंच. त्यामुळे ऑर्डर देतानाच कागदावर लिहून घ्यायचं असतं की साइट तयार असल्याचं आम्ही कळवल्यावरच माल पाठवावा आणि त्यानंतर पंधरा दिवस तो बिनभाड्याने सांभाळावा. तुमचं ते राहून गेलं असेल, तर आता थोडे पैसे मोजून वेळ विकत घ्या. पैसे पुढचा हप्ता थोडा आधी देऊन मोजा किंवा कारखान्याला भाडं म्हणून द्या, काही बिघडत नाही. दहा दिवसांचं भाडं दोन फुगलेल्या शटर्सपेक्षा, म्हणजे कपाटाच्या दारांपेक्षा, स्वस्त पडतं.

माझा स्वतःचा नियम बादलीचा आहे. ज्या कामाला पाण्याची बादली लागते, असं शेवटचं काम संपून चार दिवस होईपर्यंत ट्रॉली उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. प्लास्टरला बादली लागते, आणि त्याला सात दिवस पाणी मारायचं असतं. फरशीला लागते, टाइल्सच्या सांध्यांत ग्राउट भरायला लागते, पुट्टीलाही लागते. ‘२० तारखेपर्यंत टाइल्स’ असं गवंडी म्हणाला, की ग्राउट आणि पुट्टी धरून बादली २४-२५ला बाहेर पडणार आणि ट्रॉली येणार महिन्याच्या शेवटी. गवंड्याच्या २० तारखेवर माझा विश्वास नाही, पण तो तुमचा असू शकतो.

ट्रॉलीवाले बॉक्स जोडून आणणार की सुटे भाग आणून घरी जोडणार, हेही विचारा. जोडलेला खालचा एक बॉक्स चार चौरस फूट जागा अडवतो. असे सहा धरा, वरचे पाच त्यांच्यावर रचा, शटर्स आणि उंच कपाट वेगळं. चालायची वाट सोडली तर पन्नास चौरस फूट गेले. तुमच्या हॉलमध्ये आत्ताच फ्रिज, धान्याचे डबे आणि मिक्सर येऊन बसले असणार. त्यात सासूबाईंचा पलंग. रात्री उठून बाथरूमला जाताना त्यांचा पाय ट्रॉली सरकायच्या पत्र्याच्या चॅनलला लागला, तर ते किचन तुम्हाला जन्मभर ऐकावं लागेल. सुटे भाग आले तर तीन बाय आठ फुटांची एक थप्पी होते, तीही भिंतीकडेला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना मी तर सुटेच मागवीन.

जिना आजच मापा. सात फुटांचं उंच कपाट सरळ जिन्यात चढतं, वळणावर अडकतं. माझ्या वडिलांची युक्ती अशी होती की दोन लांब पट्ट्या कपाटाच्या मापाच्या चौकटीसारख्या दोरीने बांधायच्या आणि ती रिकामी चौकट दोघांनी खालपासून वरपर्यंत नेऊन बघायची. चौकट अडकली तर कपाट दोन तुकड्यांत बनवायचं. अर्ध्या तासाचं काम, पण लोक ते करत नाहीत. मग चार माणसं दुसऱ्या मजल्यावर कपाट हातात धरून माझ्या फोनची वाट बघतात.

इतकं करूनही माल अंगावर पडलाच, तर शटर्स सासूबाईंच्या पलंगाखाली जातील. आडवी, एकावर एक, तोंडाला तोंड लावून, मध्ये जुनी चादर. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. महिनाभरात त्यांना बाक येतो आणि तो पुन्हा जात नाही. बॉक्स शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोलीत किंवा सोसायटीच्या ऑफिसात, ओळख असेल तशी सोय. पार्किंगमध्ये नकोत, तिथे उंदीर आहेत आणि गाडी धुणारे आहेत. गॅलरीतही नकोत, आणि टाइल्सची खोकी तर तिथे मुळीच नकोत. आपल्याकडे राहत्या खोल्यांचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला २०० किलो वजन धरून काढलेला असतो. दोन बाय चार फुटांच्या टाइल्सचं दोन नगांचं एक खोकं सुमारे ३० किलोचं. अशी दहा खोकी एकावर एक रचली की त्या जागेवर दुपटीहून जास्त भार होतो. पस्तीस वर्षांच्या गॅलरीवर हे करू नये. टाइल्सची खोकी भिंतीकडेला, दोन-तीनच्या थरांत, घरभर पसरून ठेवा.

एक शेवटचं. तुम्ही आतल्या खोलीत शेगडी लावली असेलच. सुतार ज्या दिवशी रबर सोल्युशन किंवा थिनर उघडेल, त्या दिवशी गॅस पेटवायचा नाही. त्याची वाफ पेट घेते. त्या दिवसांपुरतं इंडक्शन वापरा, तेही १६ अँपिअरच्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

प्रश्न : कोथरूडमध्ये आमची सोसायटी आहे. लिफ्ट सहा माणसांची. साहित्य आणायला १० ते ५ ची वेळ, त्यातही दुपारी १ ते ४ आवाज बंद. टेम्पोचं भाडं वाचावं म्हणून ग्रॅनाइट, टाइल्स आणि ट्रॉल्या एकाच दिवशी मागवाव्या असं यजमानांचं म्हणणं आहे. आपलं मत?

उत्तर : १ ते ४ बंद ठेवणारी सोसायटी कोथरूडमध्ये नाही तर कुठे असणार! मी पुण्याचीच आहे, मला त्या वेळेचा आदर आहे. पण त्यामुळे तुमच्या हाती दिवसाचे चारच तास उरतात. सकाळचे तीन, संध्याकाळचा एक. तीन टेम्पो एकदम फाटकात आले, तर पहिला रिकामा होईपर्यंत १ वाजेल आणि उरलेले दोघे थांबल्याचे पैसे मागतील. भाड्यात वाचवलेलं तिथेच जाईल. शिवाय माल वर चढवायची हमाली कोण देणार, टेम्पोवाला, दुकानदार की तुम्ही, हे आदल्या दिवशीच ठरवा. फाटकात उभं राहून ठरवलं की दर दुप्पट होतो.

सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, माणशी ६८ धरून. टाइल्सची आठ खोकी आणि एक हमाल, एका खेपेला एवढंच. ग्रॅनाइट लिफ्टमध्ये जाणारच नाही. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. नऊ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे ९० किलोंची एक अखंड पट्टी. ती चार माणसं जिन्याने, कडेवर उभी धरून नेतात. आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने तडकते.

२००९ साली बिबवेवाडीच्या एका साइटवर दुकानदाराने सिंकचा कट आधीच मारून पाठवला होता. कटाच्या पुढे-मागे अडीच इंचांच्या दोन बारीक पट्ट्या उरल्या होत्या. मी तेव्हा दुसऱ्या साइटवर होते. हमालांनी दगड दोन विटांवर आडवा ठेवला आणि चहाला गेले. परत आले तेव्हा एकाचे दोन झाले होते. कोणी हातही लावला नव्हता. तेव्हापासून सिंकचा कट दगड जागेवर बसल्यावर, खाली आधार असतानाच मारून घेते. धूळ होते, शेजारी ओरडतात, चालतं. आणि बसेपर्यंत दगड दोन लाकडी पट्ट्यांवर कडेवर उभा, भिंतीला थोडा टेकवून.

आता तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आधी काय आणायचं हे तुमचा ओटा कोणत्या पद्धतीचा आहे त्यावर ठरतं, आणि ते पत्रात लिहिलेलं नाही. आपल्याकडची जुनी रीत अशी की कडप्प्याच्या उभ्या फळ्या सिमेंटमध्ये रोवायच्या, त्यावर ग्रॅनाइट, आणि खालच्या खणांत ट्रॉल्या सरकवायच्या. यात दगड आधी, ट्रॉल्या नंतर, आणि ट्रॉल्यांचं माप तयार खणांवरून घेतलं जातं. पूर्ण मॉड्युलरमध्ये उलटं असतं. आधी प्लायचे बॉक्स पायांवर उभे करायचे, लेव्हल करायचे, मग त्यांवर दगड. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी आणले, तर कोणत्याही पद्धतीत एक माल दुसऱ्याची वाट बघत वाटेत पडून राहणार.

मला विचाराल तर राहत्या घरात कडप्प्याचा ओटा बरा. शोरूमवाल्यांना हे आवडत नाही, दिसायलाही ते थोडं जुनं वाटतं. पण कडप्पा पाण्याला भीत नाही. दगड बसल्यावर आठवडाभरात त्यावर कुकर लावता येतो, आणि मग ट्रॉल्या महिन्याने आल्या तरी अडत नाही. मालाची वाट बघत उपाशी बसावं लागत नाही, आणि माल घरात साठवायचीही वेळ येत नाही.

एवढं ज्ञान सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या घरी काय केलं, तेही वाचा. २०११, सहकारनगर, जून महिना. आमच्याच किचनची शटर्स तीन आठवडे आधी तयार झाली. मी म्हटलं, येऊ देत, आपण काय नवखे आहोत का. मागच्या खोलीत भिंतीला उभी टेकवली, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून, थेट फरशीवर. शेजारच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं होतं आणि गळती तपासायला त्यात ४८ तास पाणी भरून ठेवलं होतं. उंबऱ्याच्या सांध्यातून ते पाणी झिरपलं. फरशीवर दिसावं इतकंही नव्हतं, पण शटर्सच्या एमडीएफने, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पाटाने, ते बरोबर पिऊन घेतलं, आणि प्लास्टिकमुळे आतली ओल आतच राहिली. उघडलं तेव्हा चौदांपैकी पाच शटर्सच्या खालच्या कडा चहात बुडवलेल्या टोस्टासारख्या झाल्या होत्या. आमचा सुतार काही बोलला नाही, नुसता कडेवरून अंगठा फिरवला. वडील म्हणाले, “गिऱ्हाईक असतीस तर मी तुला भरून दिलं असतं.” पाचही शटर्स मी पगारातून केली.

तर, लाकडी पट्ट्यांवर, जमिनीपासून चार बोटं वर, बाथरूमच्या भिंतीपासून लांब. आणि प्लास्टिक सैल, खालून उघडं.

प्रश्न : आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेजवळ, तळमजला. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात सात फूट होतं. तेव्हाचं प्लायचं किचन फुगून गेलं. इतकी वर्षं कशीबशी काढली. आता नवीन करायचं आहे आणि आईची इच्छा गणपतीच्या आधी व्हावं अशी आहे. माल पुण्याहून येणार. जुलैमध्ये आणून मागच्या पडवीत ठेवावा का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईंची इच्छा आणि तुमची धास्ती दोन्ही समजतात.

जुलैमध्ये नको. पूर आला नाही तरी नको. कोकणातल्या जुलैमध्ये हवेतच इतकी ओल असते की कोरडं प्लायसुद्धा आठ दिवसांत जड लागतं. घर जांभ्याच्या चिऱ्याचं असेल तर भिंत सप्टेंबरपर्यंत दमट असते आणि तिला टेकवलेला बॉक्स मागून बुरशी धरतो. पडवीत वाळवीही आहे. कोकणात लाकूड थेट जमिनीला लावून ठेवणं म्हणजे तिला आवतण देणं. कधी ठेवायची वेळ आलीच तर भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढायला लागली तर डोळ्यांना दिसेल.

पण गणपतीत मोदक नव्या ओट्यावरच व्हायला हवेत, हे मलाही मान्य आहे. म्हणून कामाचे दोन भाग करा. पाऊस लागायच्या आत कडप्पा आणि ग्रॅनाइटचा ओटा, सिंक, नळ, भिंतीच्या टाइल्स एवढं पूर्ण. हे सगळं दगड आणि सिमेंटचं. पाणी आलं तरी धुऊन पुन्हा वापरता येतं. खालच्या खणांना गणपतीपुरते पडदे लावा. आमच्या लहानपणी सगळ्या घरांत तेच होते आणि गणपती तरीही येत होते.

ट्रॉल्यांची ऑर्डर पितृपक्षात द्या. त्या पंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, कारखाने मोकळे असतात आणि मालक फोनवर गोड बोलतात. आईंना चालत नसेल तर पैसे घटस्थापनेला द्या, माप आधी घेऊ देत. मापाला मुहूर्त लागत नाही. माल मात्र दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी मागवा. बसवणारे सुतार बहुतेक राजस्थान किंवा उत्तर प्रदेशकडचे असतात, ते दिवाळीला गावी जातात. माल आला आणि माणसं नाहीत, अशी दिवाळी मी अनेक घरांत पाहिली आहे. तोवर तुमच्या भिंतीही वाळलेल्या असतील, आणि कुंभार्ली घाटातून येणाऱ्या टेम्पोवर ताडपत्री टाकायची वेळ येणार नाही.

खाली ओट्यात प्लाय घालूच नका. स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या थेट कडप्प्याला चॅनल मारून बसतात. शटर्स अॅल्युमिनियमच्या चौकटीची घ्या आणि अशा बिजागऱ्या मागा, की ज्यांवरून शटर स्क्रू न काढता सोडवता येतं. पाणी वाढतंय असा भोंगा झाला की घरातल्या एका माणसाने दहा मिनिटांत सगळी शटर्स आणि ट्रॉल्या काढून माळ्यावर टाकता आल्या पाहिजेत. बसवून झाल्यावर सुतारासमोर एकदा करून बघा. सात फूट पाणी आलं होतं तर वरची कपाटंही खालच्यासारखीच धरा. तीही प्लायची नकोत. मिक्सर, ओव्हनचे प्लग पॉइंट इलेक्ट्रिशियनला २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यायला सांगा. ती खूण भिंतीवर असेल तर रंगवून टाकण्याआधी तिचं माप कुठेतरी लिहून ठेवा.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. आई-बाबा नाशिकला, दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या किचनची ऑर्डर मी इथून दिली आहे. माल उतरताना व्हिडिओ कॉलवर मी सगळं बघून घेईन असं ठरवलंय. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. व्हिडिओवर ओरखडा दिसत नाही आणि हमाल कॅमेऱ्यासाठी थांबत नाहीत. तुमच्याकडे माणसं भाड्याचं घर सोडताना स्वयंपाकघर उचलून सोबत नेतात म्हणे, माझा भाचा तिकडे असतो, तो सांगतो. त्यामुळे तुम्हाला खोक्यांची सवय असेल. बाबांना नाही.

त्या दिवसापुरता एक तरुण माणूस घरात हवा, मामेभाऊ, भाडेकरू, कोणीही. सही त्यानेच करायची, बाबांनी नाही. चलानवर जितके नग लिहिलेत तितके दारातच मोजायचे आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने मोठा आकडा घालायचा. खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर आत काय झालंय हे न बघता फोटो काढायचा आणि चलानवर पेनाने लिहायचं: ‘अमुक नंबरचं खोकं चेपलेलं, आतील माल तपासणे बाकी’. ड्रायव्हर घाई करेल. करू दे. हे चार शब्द नसले की पुढे सगळं ‘तुमच्याकडे झालं’ होतं.

हार्डवेअरची खोकी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महाग असतात. बिजागऱ्या, चॅनल, हँडल, स्क्रू. ती त्याच दिवशी आईच्या कपाटात, कुलपात. चोरी होते असं मला म्हणायचं नाही. राडारोडा भरायला आलेला माणूस पुठ्ठ्याचं खोकं रिकामं समजून पोत्यात टाकतो, हे मात्र दोनदा झालंय. शटर्सवरची पातळ फिल्म रंगारी घराबाहेर पडेपर्यंत काढू नका. तो गेला की त्याच आठवड्यात काढा. खिडकीतल्या उन्हाने ती चिकटून बसली की नखाने खरवडावी लागते. बिलाचे शेवटचे दहा टक्के शेवटचं शटर सरळ बंद होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. तेवढं काम श्टुटगार्टहून उत्तम होतं.

आणि त्या पंधरा दिवसांत आई-बाबांना मावशीकडे पाठवता आलं तर पाठवा.

प्रश्न : सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि चिमणी चार महिन्यांपूर्वीच घेऊन ठेवली. खोकी तशीच बंद, बेडरूमच्या कपाटावर. किचन अजून दोन महिन्यांनी होईल. काही बिघडणार नाही ना? (ठाणे)

उत्तर : वस्तू बिघडणार नाही, मुदत बिघडेल. काच फुटलेली निघाली तर बदलून देण्याचे दिवस कधीच संपले असतील. तरी आजच कपाटावरून उतरवा, उघडा, काच आणि बर्नर बघा, चिमणी प्लगला लावून मोटर फिरते का ऐका, आणि थर्मोकोलसकट पुन्हा बंद करून ठेवा. आडवी ठेवलेली असेल तर खोक्यावरच्या बाणाप्रमाणे उभी करा. बिलाचा फोटो काढा. त्या पातळ कागदावरची शाई वर्षभरात उडते. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की बसवल्याच्या, तेही कार्डावर वाचून घ्या.

चिमणीच्या नळीचं तोंड मापून गवंड्याला सांगा. बऱ्याचदा ते सहा इंच असतं, आणि भिंतीतलं भोक टाइल्स लागायच्या आत पाडायचं असतं, नंतर नाही. हॉबच्या खोक्यात ओटा कापायचा आकार छापलेला एक मोठा कागद असतो. पॅकिंगचा कचरा समजून तो फेकला जातो आणि ग्रॅनाइटवाला मग दुसऱ्याच कुठल्यातरी हॉबच्या मापाने दगड कापतो. तो कागद शोधा, घडी घाला आणि बिलाला टाचून ठेवा.